चार वर्षं रानातच आहोत, ही माझ्या कुरकुरीची शिक्षा आहे का?

पत्र थोडक्यात: पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. नवरा एका कंपनीत बरीच वर्षं परमनंट होता, चार वर्षांपूर्वी प्लांट बंद झाला, तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टवर सहा महिने काम तर दोन-तीन महिने घरी असं चाललंय. वन बीएचकेचं होमलोन अजून नऊ वर्षं आहे, ताई शिवणकाम आणि एका शाळेत अर्धवेळ नोकरी करतात, मुलगा यंदा बारावीला. गुरुवारच्या प्रार्थना सभेत एका बंधूंनी संदेश दिला की मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटून देवाने देऊ केलेल्या कनान देशाकडे निघालेल्या इस्राएल लोकांचा रानातला प्रवास फक्त 11 दिवसांचा होता, पण कुरकुर केली म्हणून त्यांना 40 वर्षं लागली, तेव्हा ज्यांच्या घरात संकट लांबतंय त्यांनी आपलं तोंड तपासावं. ताई लिहितात, "सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असं मला वाटलं. तेव्हापासून मी प्रार्थनेतसुद्धा काही मागत नाही, फक्त धन्यवाद म्हणते, कारण तोंडातून काही निघालं तर आणखी वर्षं वाढतील अशी भीती वाटते." नवरा दोन वर्षं चर्चला येत नाही, दर रविवारी लोक "लागलं का काम?" विचारतात म्हणून. माहेरी तालुक्याच्या गावी भाऊ दोन खोल्या द्यायला तयार आहे, फ्लॅट विकून तिकडे जावं का असं त्यांच्या मनात आहे, पण सभेतल्या एक बहीण म्हणतात ढग उठल्याशिवाय तंबू हलवायचा नसतो. तोपर्यंत हप्त्यासाठी दागिने खाजगी सावकाराकडे ठेवावेत किंवा फोनवरच्या ॲपवरून लोन घ्यावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. शेवटी विचारलंय, या गुरुवारच्या सभेला जायचं की नाही?

---

प्रिय ताई,

सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना जिथे थांबले ती जागा पैशाची नव्हती, फ्लॅटची पण नव्हती, तर "प्रार्थनेतसुद्धा काही मागत नाही" ही होती. बाकी सगळ्याचं आपण बघूच, पण आधी हे, कारण देवासमोर गप्प बसायला लावणारी शिकवण ज्या गोष्टीच्या नावाने तुम्हाला दिली गेली त्या गोष्टीत ती शिकवण नाहीये, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, पुस्तक उघडून आपण बघूया.

ते 11 दिवस आधी घेऊ. ते वाक्य बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दुसऱ्याच वचनात आहे, होरेबपासून सेईर डोंगराच्या वाटेने कादेश-बर्ण्याला जायला 11 दिवस लागतात. बस, एवढंच आहे ते. मिसरपासून कनानपर्यंतचं ते अंतर नाहीच, मधल्या एका टप्प्याचं आहे, होरेब म्हणजे सीनाय पर्वत, तिथून कनानच्या दक्षिण हद्दीपर्यंतचं. आणि ताई, तो टप्पा त्यांनी 40 वर्षांत नाही पार केला, सीनाय सोडलं ते दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात (गणना हे पुस्तक, 10:11) आणि त्यानंतर कादेशला पोचले, कनान बघायला हेर पाठवले, सगळं झालं. पुढे अनुवाद 2:14 मध्ये त्यांचा पुढारी मोशे सांगतो की कादेशपासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत 38 वर्षं गेली. तर 11 दिवसांची वाट कुरकुरीने 40 वर्षांची झाली हे ऐकायला जबरदस्त वाटतं, माईकवरून म्हटलं की लोक आमेन म्हणतात, पण हिशोब तसा नाहीये.

आणखी एक बघा. ते लोक मिसरमधून निघाले तेव्हाच, तांबड्या समुद्रापाशी पोचायच्या पण आधी, निर्गम 13:17 मध्ये लिहिलंय की पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती तरी देवाने त्यांना त्या वाटेने नेलं नाही, कारण लढाई बघून लोकांचं मन फिरेल आणि ते परत मिसरला जातील. म्हणजे लांबची वाट पहिल्या दिवसापासून देवानेच निवडली, अजून कुणी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता तेव्हा, आणि कारण काय तर लोकांची ताकद तेवढी नव्हती. त्यांना झेपणार नाही ते त्याने टाळलं. मग सीनायपाशी ते जवळजवळ 11 महिने एकाच जागी होते, नियमशास्त्र मिळालं, निवासमंडप म्हणजे उपासनेचा तंबू उभा राहिला, कारागीर कामाला लागले, बायकांनी सूत कातून आणून दिलं. सोन्याचं वासरू करून त्याची पूजा पण तिथेच झाली हे खरं, पण ते 11 महिने वाया गेले असं कुणी म्हणत नाही, कारण गुलामांचा जमाव त्या जागी एक लोक झाला. पोचायला वेळ लागतोय म्हणजे काहीतरी चुकलंय हे आपण गृहीत धरतो, पण गोष्टीत तसं नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, पण गणना 14 मध्ये शिक्षा तर आहेच ना. आहे, ती मी झाकणार नाही. हेर 40 दिवस देश बघून आले, अष्कोल खोऱ्यातला द्राक्षांचा घोस दोघांनी दांड्यावर टांगून आणला, देश चांगला आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं, आणि तरी लोक म्हणाले की दुसरा पुढारी नेमू आणि मिसरला परत जाऊ, हेरांपैकी कालेब आणि यहोशवा समजवायला गेले तर त्यांना धोंडमार करायला उठले. एका दिवसाला एक वर्ष ही शिक्षा तिथे झाली. ते नवरा कामावरून घरी बसल्यावर रात्री उशीत तोंड घालून "प्रभू, किती दिवस" म्हणणाऱ्या बाईला झालेलं नाही.

आणि त्या शिक्षेच्या 40 वर्षांत रानात कोण कोण चाललं हे कुणी मोजतं का? कालेब चालला ना! ज्याने विश्वास ठेवला, ज्याच्याबद्दल देव स्वतः चांगलं बोलला, तो पण तीच वाळू तुडवत चालला, हेर म्हणून गेला तेव्हा 40 वर्षांचा होता आणि हेब्रोन मिळालं तेव्हा 85 चा (यहोशवा 14). यहोशवा चालला. 20 वर्षांच्या आतली सगळी पोरं चालली, ज्यांचा त्यात काहीच दोष नव्हता, आणि रानात जन्मली ती तर वेगळीच. त्या छावणीत कुठल्याही एका तंबूसमोर उभं राहून "तू इथे का आहेस?" विचारलं असतं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं असतं. मग आज एका घरातलं संकट लांबलं की त्या घरातल्या बाईचं तोंड तपासा, हे कुठल्या हिशोबाने? कंपनी बंद झाली ती मालकाच्या निर्णयाने, तुमच्यासारखी कितीतरी घरं त्या दिवशी रस्त्यावर आली असतील, त्या सगळ्या घरांतल्या बायका कुरकुऱ्या होत्या का? आणि ज्याने कधी पाप केलं नाही तो प्रभू येशू, त्याला तर आत्म्यानेच रानात नेलं (मत्तय 4:1) आणि तिथे भूक लागल्यावर त्याने जे वचन काढलं, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, ते याच रानातल्या प्रवासाबद्दलच्या अनुवाद 8 मधलं आहे. रानात असणं हाच जर दोषाचा पुरावा असेल तर मग प्रभूचं काय म्हणायचं आपण?

तर आता तोंडाबद्दल.

बायबल कुरकुर आणि गाऱ्हाणं यात फरक करतं असं मला वाटतं, मी महिला मंडळात शिकवते तेव्हा पण हेच सांगते. स्तोत्र 106 मध्ये आणि अनुवाद 1:27 मध्ये लोकांनी आपापल्या तंबूत बसून कुरकुर केली असं आहे, म्हणजे देवाबद्दल आपसात बोलले, तो आपला द्वेष करतो म्हणूनच त्याने आपल्याला इथे आणलं असं ठरवून टाकलं, त्याच्याशी मात्र बोलले नाहीत. आता मोशेला बघा, गणना 11. लोक मांसासाठी रडतायत, मोशे वैतागलाय आणि तो थेट देवाला विचारतो की तू आपल्या दासाला का त्रास देतोस, या सगळ्या लोकांना मी जन्म दिलाय का, यांना तान्ह्या बाळासारखं उराशी धरून ने असं मला का म्हणतोस, एवढ्यांना द्यायला मी मांस कुठून आणू, मला एकट्याला हे पेलत नाही, असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक. अशी भाषा आहे, ताई! गुरुवारच्या सभेत कुणी अशी प्रार्थना केली तर लोक डोळे उघडून बघतील. आणि देव काय करतो? वर्षं वाढवत नाही, रागवत पण नाही, तो म्हणतो की वडीलजनांपैकी 70 माणसं माझ्याकडे आण, मी तुझ्यावरच्या आत्म्यातला काही त्यांच्यावर ठेवीन आणि ते तुझ्याबरोबर हा भार वाहतील, तुला एकट्याला वाहावा लागणार नाही. त्याच अध्यायात लोकांना शिक्षा झाली आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच तर हे शेजारी शेजारी ठेवून वाचायचं.

सुरुवातीच्या दिवसांचं तर आणखी सोपं आहे. मारा इथे तीन दिवस पाणी नव्हतं, मिळालं ते कडू, लोक बोलले, देवाने पाणी गोड केलं, आणि पुढच्याच मुक्कामी एलीमला 12 झरे आणि 70 खजुरीची झाडं. सीन रानात भूक लागली, बोलले, मान्ना म्हणजे आकाशातून पडणारं अन्न मिळालं. रफीदीमला परत पाणी नाही, बोलले, खडकातून पाणी. त्या शेवटच्या जागेचं नाव पुढे वाईट उदाहरण म्हणून येतं, स्तोत्र 95 मध्ये, ते खरं, पण त्या दिवशी लेकरांना पाणी मिळालं, एवढं तर वाचताना सोडू नका. तहानलेल्या माणसाने पाणी मागणं हा अविश्वास नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही की आजपासून परत मागा. धन्यवाद चालू ठेवा, ते सोडायची गरज नाही, पण त्याच्या जोडीला स्तोत्र 142 घ्या, त्यात दावीद म्हणतो की मी त्याच्यापुढे आपलं गाऱ्हाणं ओततो. शब्द सुचत नसतील तर 13 वं स्तोत्र मोठ्याने वाचा, "किती वेळ" हा प्रश्न त्यात चारदा आहे. वहीत लिहायचं असेल तर लिहा, हप्त्याचा आकडा पण लिहा, देवाला आकडे कळतात.

आता नवऱ्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते सारखे कंपनीचे दिवस काढतात, कॅन्टीन, दिवाळीचा बोनस, घरापर्यंत येणारी बस, आणि त्याच पत्रात खाली तुम्हीच लिहिलंय की तेव्हा ते पहाटे पाचला निघायचे, ओव्हरटाइम करून रात्री नऊला यायचे आणि मुलगा त्यांना फक्त रविवारी भेटायचा. गणना 11:5 मध्ये लोकांना मिसरचं काय आठवलं माहिती आहे? मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, आणि ते पण "फुकट". विटा थापताना पाठीवर बसलेले फटके त्या यादीत नाहीत, नाईल नदीत टाकलेली पोरं नाहीत. दुःखात मागचं सगळं गोड वाटतं, त्यात तुमच्या मिस्टरांना नावं ठेवण्यासारखं काही नाही, पण मागचं परत उभं करायच्या नादात आज घेतलेला निर्णय चुकू शकतो आणि इथे मला सावकाराचं आणि ॲपच्या लोनचं स्पष्ट बोलायचंय.

ते करू नका. दागिने ठेवायचेच असतील तर बँकेत गोल्डलोन मिळतं, व्याज लेखी असतं, पावती असते, पण जो हप्ता पुढच्या महिन्यात परत येणारच आहे तो भरायला दागिने ठेवले तर पुढच्या महिन्यात काय ठेवणार? आणि ती ॲप, त्यातली कितीतरी तर रीतसर कुठल्या बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी जोडलेली पण नसतात, फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट घेतात आणि एक दिवस उशीर झाला की नातेवाइकांना फोन जातात. मिसरला परत जाणं आजच्या काळात कशाला म्हणायचं असं मला कुणी विचारलं तर मी याला म्हणेन, कारण यात माणूस परत गुलाम होतो आणि या वेळी स्वतःच्या सहीने. तुमच्या तोंडातून निघालेल्या उसाशाची नको, या सहीची भीती बाळगा.

मग हप्त्याचं काय? फ्लॅटचं काय? त्या बहिणींनी सांगितलेलं ढगाचं वचन खरं आहे, गणना 9 मध्ये तसंच आहे, दोन दिवस असो, महिना असो की जास्त काळ असो, ढग निवासमंडपावर असेपर्यंत मुक्काम आणि उठला की निघायचं. सुंदर वचन आहे. पण लगेच पुढच्या अध्यायात, गणना 10:29 पासून वाचा, मोशे त्याच्या सासरच्या एका माणसाला, होबाबला, विनवतो की आम्हाला सोडून जाऊ नको, रानात तळ कुठे द्यायचा ते तुला माहीत आहे, तू आमचे डोळे हो. वर ढग आहे, रात्री अग्नी आहे, तरी मोशेला रान माहीत असलेला माणूस बरोबर हवा होता! याला कुणी अविश्वास म्हटलं नाही. त्याच्याही आधी इथ्रो, सासरेच, त्यांनी बघितलं की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो आणि सरळ सांगितलं की हे तू करतोस ते बरं नाही, थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेने ऐकलं. देवाचा माणूस आणि सासऱ्याचा व्यवहारी सल्ला ऐकतोय, तो पण मिद्यानी सासऱ्याचा.

तर तुमचा होबाब शोधा. मंडळीत कुणी बँकेतून रिटायर झालेलं असेल, कुणी अकाउंट्स बघणारं असेल, त्यांच्याकडे कागद घेऊन जा, आणि नवऱ्याला बरोबर घेऊन जा, मागून सांगू नका. काय काय विचारायचं ते सांगते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. हप्ता थकायच्या आधी बँकेत जायचं, थकल्यावर नाही. 90 दिवस हप्ता थकला की बँक ते खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकलेल्या कर्जांत टाकते आणि मग बोलणं अवघड होतं, पण आधीच लेखी अर्ज दिला, उत्पन्न कमी झाल्याचा पुरावा जोडला, तर मुदत वाढवून हप्ता कमी करणं असल्या गोष्टींचा विचार बँक करू शकते, नाही म्हणाली तर नाही म्हणाली, विचारायला काही जात नाही. मुद्दल आज किती बाकी आहे ते स्टेटमेंट मागा, तुमच्या बिल्डिंगमध्ये अलीकडे फ्लॅट प्रत्यक्षात केवढ्याला गेला ते विचारा, एजंट सांगतो तो आकडा नाही, आणि मग वजाबाकी करा, हातात काय उरतं. लोन फ्लोटिंग रेटचं असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही, तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

माझं मत विचाराल तर मुलाची बारावी होईपर्यंत हलू नका, तेवढे महिने कसे निघतात ते बघा, आणि परीक्षा झाल्यावर गावी जायचं की फ्लॅट भाड्याने देऊन जवळच स्वस्तात राहायचं हे ठरवा. भाड्याने द्यायचा पर्याय तुमच्या पत्रात नव्हता, तो पण मांडून बघा. पण हे माझं मत आहे, ढग नाही. भावाकडे जायचं ठरलं तर एक गोष्ट आधीच बोलून घ्या, किती दिवस, लाइटबिल कोण भरणार, स्वयंपाक एकत्र की वेगळा. भाऊ प्रेमाने बोलावतोय, ते प्रेम टिकावं म्हणूनच हे बोलायचं. आणि तिकडे शिवणकाम मिळेल पण मिस्टरांना काय काम मिळेल हे जायच्या आधी त्यांनी स्वतः जाऊन, चार दिवस राहून बघून यावं, हेर पाठवणं बायबलमध्ये बसतं, त्यात काही गैर नाही.

फ्लॅट विकला तर लोक काय म्हणतील, विश्वास कमी पडला म्हणतील, ही भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसतेय. गणना 33 वाचून बघा कधी, नुसती मुक्कामांची यादी आहे, इथून निघाले आणि तिथे तळ दिला, तिथून निघाले आणि तिथे तळ दिला, 40 च्या वर नावं आहेत. त्यातल्या एकाही जागी ते कायमचे राहिले नाहीत आणि प्रत्येक जागा मोशेने परमेश्वराच्या आज्ञेने लिहून ठेवली. तुमचा फ्लॅट पण एक मुक्काम आहे. सोडलात तर हरलात असं होत नाही, ठेवलात तर जिंकलात असंही नाही.

मान्नाबद्दल एक गोष्ट राहिली, ती मला फार जवळची वाटते. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, कुणी जास्त गोळा केलं कुणी कमी, पण मापून बघितलं तेव्हा जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. ही ओळ प्रेषित पौल पुढे करिंथच्या मंडळीला लिहितो (2 करिंथ 8:15), आणि कशासाठी लिहितो तर वर्गणीसाठी! तुमच्याकडे आज जास्त आहे, त्यांच्याकडे कमी आहे, तर द्या, उद्या उलटं होईल. म्हणजे मंडळीतून मदत येणं हा मान्नाचाच एक प्रकार आहे असं पौलाला दिसलं. तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत कुणाकडे एक रुपया मागितला नाही, आणि ते अभिमानाने लिहिलंय. ताई, मला त्याचं वाईट वाटलं. तुम्ही कॉन्ट्रॅक्ट नसलेल्या महिन्यात रेशन मागू शकता, मुलाच्या क्लासच्या फीसाठी पाळकांशी बोलू शकता, आणि मोघम "आमच्यासाठी प्रार्थना करा" असं न म्हणता नेमकं मागा, "पुढचे दोन महिने किराण्याचं बघाल का?" माणसांना मदत करायची असते, काय करावं ते कळत नसतं. आणि जे मान्ना रोज गोळा करत होते ते शुक्रवारी दुप्पट गोळा करत होते, शब्बाथासाठी म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, देवानेच सांगितलं होतं, तेव्हा काम असलेल्या महिन्यात थोडं बाजूला ठेवणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मिस्टर चर्चला येत नाहीत याबद्दल मी तुम्हाला काही करायला सांगणार नाही, मी मंडळीला सांगणार आहे, कारण हे सदर पाळक आणि वडीलजन पण वाचतात. गणना 12 मध्ये मोशेची बहीण मिर्याम हिला कोड आलं आणि ती सात दिवस छावणीच्या बाहेर होती, आणि तिचा तर दोष होता, तरी लिहिलंय की मिर्यामला परत आत आणेपर्यंत लोकांनी कूच केलं नाही. सगळी छावणी एका बाईसाठी थांबली. या माणसाचा तर काही दोष पण नाही आणि दोन वर्षं त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नाही. "लागलं का काम?" हा प्रश्न विचारणं बंद करा, घरी जा, चहा प्या, क्रिकेटवर बोला, एखादं काम माहीत असेल तर नाव आणि नंबर घेऊन जा, नसेल तर नुसते बसा. अमालेक्यांशी लढाई झाली तेव्हा मोशेचे हात जड झाले, तर अहरोन आणि हूर यांनी त्याला हात नीट वर धर असा संदेश दिला नाही, त्यांनी एक दगड आणून त्याला त्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरून सूर्य मावळेपर्यंत उभे राहिले. आधी बसवलं, हे मला त्यात फार आवडतं.

ताई, मिस्टर रात्री झोपत नाहीत, जेवत नाहीत आणि "माझ्यानंतर इन्शुरन्सचे पैसे तरी मिळतील" असं एकदा म्हणाले, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. हे जाता जाता सोडण्यासारखं नाही. आजच त्यांच्याशी बोला, सरळ विचारा की मरणाचे विचार येतात का, विचारल्याने विचार येत नाहीत, उलट मोकळं होता येतं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. त्यांना एकटं सोडू नका आणि भावाला पण कळवा. मोशेने मरण मागितलं, एलीया संदेष्ट्याने रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागितलं, आणि एलीयाला देवाने आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं त्यानंतर झालं. डॉक्टरकडे जाणं विश्वासाच्या विरुद्ध नाही, कुणी तसं म्हणालं तर त्यांना 1 राजे 19 वाचायला सांगा.

रानाची आठवण लाज म्हणून ठेवायची की आनंद म्हणून, यावर पण एक सांगावंसं वाटतं. लेवीय 23 मध्ये मांडवांचा सण आहे, सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायचं, कशासाठी तर मिसरमधून आणताना मी इस्राएल लोकांना मांडवांत राहायला लावलं होतं हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून, आणि अनुवाद 16 मध्ये सांगितलंय की या सणात आनंद करा, मुलगा, मुलगी, दास, दासी, परदेशी, पोरका, विधवा, सगळ्यांनी. ज्यू लोक अजून तो पाळतात, आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल पण, कोकणातले असोत की इस्राएलला जाऊन राहिलेले असोत. 40 वर्षं शिक्षा भोगली म्हणून रडायचा सण त्यांना देवाने दिला नाही. आणि यिर्मया 2:2 मध्ये देवाला स्वतःला ती वर्षं कशी आठवतात बघा, तो म्हणतो की तू पेरणी नसलेल्या देशात, रानात माझ्यामागे आलीस ते तुझं तारुण्यातलं प्रेम मला आठवतं. कुरकुर करणाऱ्यांबद्दलच म्हणतोय ना हे! त्याच्या आठवणीत ते मागे मागे चालणं राहिलं.

आता गुरुवारची सभा. जा, पण या आठवड्यात नाही, या आठवड्यात घरी मिस्टरांजवळ राहा. पुढच्या आठवड्यापर्यंत त्या बंधूंना सभेच्या बाहेर, एकटं गाठा, पाळकांच्या मिसेसना बरोबर घ्या वाटलं तर, आणि सांगा की त्या संदेशानंतर मी प्रार्थना करायची थांबले होते. भांडायचं नाही, त्यांना हे माहीत असायला हवं, कारण त्या खोलीत तुमच्यासारखी आणखी कुणीतरी मान खाली घालून बसलेली असेल आणि तिने मला पत्र लिहिलेलं नाही. ते रागावले, पटलं नाही, परत तेच बोलले, तर दुसरीकडे कुठे बायबल अभ्यासाला बसता येतं का बघा, मंडळी सोडायची गरज नाही, ती सभा सोडता येते. आणि ऐकून घेतलं तर त्यांना विनंती करा की पुढच्या वेळी गणना 11 घ्या, फक्त लोकांचं रडणं वाचून थांबू नका, मोशेचं पण वाचा, 15 व्या वचनावर तो मरण मागतो तिथे पण थांबू नका, 16 आणि 17 पण मोठ्याने वाचा, आणि मग विचारा की आपल्या मंडळीतली ती 70 माणसं कोण आहेत.